चेंबरमधली गोळी कोणाच्या जोखमीवर?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहू येथील घरी अभिनेते व माजी खासदार गोविंदा यांच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली. शस्त्र कपाटात ठेवताना हातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले.

स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्याने चेंबरमध्ये गोळी ठेवावी काय, हा प्रश्न या अपघाताने पुन्हा समोर आणला. ठेवावी, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. हल्लेखोर सवड देत नाही आणि पिस्तुलाची स्लाइड मागे खेचून गोळी चढवायला बहुधा दोन्ही हात लागतात. भरलेल्या रिव्हॉल्व्हरला ही पायरीच नसते. मात्र धक्क्याने चुकून गोळी सुटू नये म्हणून जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यासमोरचा कप्पा रिकामा ठेवण्याचा प्रघात पडला.

सार्वजनिक ठिकाणी असे शस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी नियंत्रणात असावे, असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. या नियंत्रणाची कसोटी गर्दीत लागते. कुंभकोणमला बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या यात्रेत किंवा मुंबईच्या लोकलमध्ये धक्का केव्हा बसेल, याचा नेम नसतो. तेथे चुकून सुटलेली गोळी शस्त्रधाऱ्याच्याच पायात थांबेल, याची हमी कोण देणार?

हल्ला क्वचित होतो. धक्काबुक्की रोजची असते. ज्याला नित्य सराव नाही, त्याने चेंबर रिकामे ठेवणेच शहाणपणाचे. क्षणभराच्या विलंबाची जोखीम तो स्वतः पत्करतो. चढवलेल्या गोळीची जोखीम मात्र शेजाऱ्यावर, त्याला न विचारता, लादली जाते.