लष्कराने बांधलं, म्हणजे नेमकं कोणी बांधलं?

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळल्या आणि चूरलमला-मुंडक्काई यांना जोडणारा पूल वाहून गेला. १ ऑगस्टच्या संध्याकाळी तिथे १९० फूट लांबीचा, २४ टन भार पेलणारा लोखंडी पूल उभा होता. तो बांधणाऱ्या मद्रास सॅपर्सच्या पथकात मेजर सीता शेळके होत्या, मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. त्यांचा पुलावरचा फोटो पाहून साऱ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर मात्र लष्करी अभियंत्यांबद्दल काही ठरावीक विधानं कानावर येतात. कौतुकाच्या भरात तीन वेगळ्या यंत्रणा एकमेकींत मिसळल्या जातात. कोण काय करतं हे नीट माहीत असलं, तर कौतुक योग्य माणसांपर्यंत पोचतं आणि जाबही योग्य खात्याला विचारता येतो. म्हणून हे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : सॅपर्स, एमईएस आणि बीआरओ ही एकाच खात्याची तीन नावं आहेत.

वस्तुस्थिती : तिघांचं नातं जवळचं आहे, पण कामं वेगळी आहेत. सॅपर्स म्हणजे भूदलाच्या अभियंता दलाचे, म्हणजे कोअर ऑफ इंजिनियर्सचे सैनिक. त्यांचे तीन गट आहेत : बंगळुरूचा मद्रास, रुरकीचा बंगाल आणि आपल्या खडकीचा बॉम्बे इंजिनियर ग्रुप. युद्धात सैन्याला वाट करून देणं आणि शत्रूची वाट अडवणं हे त्यांचं मूळ काम.

एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेस. १९२३ साली सुरू झालेली ही यंत्रणा भूदल, नौदल आणि हवाई दल या तिघांसाठी बराकी, घरं, रुग्णालयं, धावपट्ट्या आणि गोदी-धक्क्यांची कामं करते. त्यांचं पाणी, वीज आणि डागडुजीही सांभाळते. छावणीतल्या क्वार्टरचं छत गळलं की तक्रार जाते ती एमईएसच्याच कार्यालयात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एमपीएससीतर्फे भरली जाणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवा राज्य सरकारची आहे, तिचा या एमईएसशी संबंध नाही.

बीआरओ, म्हणजे सीमा रस्ते संघटना, ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. सीमाभागातले रस्ते, पूल, बोगदे आणि धावपट्ट्या हे तिचं क्षेत्र. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि तिचे महासंचालक भूदलाचे लेफ्टनंट जनरल असतात.

गैरसमज २ : अभियंता दल मागे राहून बांधकाम करतं, लढणारे वेगळे.

वस्तुस्थिती : याचं उत्तर १९४८ च्या एप्रिलमध्येच मिळालं आहे. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर रणगाडे पुढे न्यायचे होते आणि शत्रूने रस्ता सुरुंग पेरून, झाडं आडवी टाकून बंद केला होता. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच तोफगोळ्यांचा मारा झाला. राणे यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले आणि त्या जखमींत स्वतः राणेही होते. तरीही पुढचे तीन दिवस ते हातांनी सुरुंग काढत, अडथळे उडवत, जिथे रस्ताच नव्हता तिथे वळणवाट तयार करत राहिले. त्यांच्यामागून रणगाडे सरकले. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं.

रणगाड्याच्या पुढे चालणारा माणूस मागे आहे असं कसं म्हणायचं? सुरुंग काढणारा, नदीवर पूल टाकणारा सॅपर बहुतेक वेळा सगळ्यांच्या पुढे असतो. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनियरिंगमध्ये अधिकाऱ्यांना अभियांत्रिकीबरोबर हेही शिक्षण दिलं जातं.

गैरसमज ३ : एमईएस आणि बीआरओत सगळे गणवेशातले सैनिकच असतात.

वस्तुस्थिती : एमईएसचे बहुसंख्य कर्मचारी नागरी आहेत. त्यांतले अनेक अभियंते यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून येतात. प्रत्यक्ष बांधकाम बऱ्याचदा निविदा काढून खासगी कंत्राटदारांकडून करून घेतलं जातं. आराखडा, देखरेख आणि मोजमाप एमईएसचं.

बीआरओत भूदलाचे अधिकारी आणि जनरल रिझर्व्ह इंजिनियर फोर्स, म्हणजे ग्रेफ, यांचा मेळ आहे. ग्रेफमधली भरती वेगळी होते, पण शिस्तीसाठी त्यांना लष्करी कायद्यातल्या तरतुदी लागू आहेत. ग्रेफ हा सशस्त्र दलांचाच अविभाज्य भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. २०२१ मध्ये बीआरओच्या रस्ते बांधणी कंपनीची सूत्रं पहिल्यांदा एका महिलेकडे आली. त्या वैशाली हिवसे, वर्ध्याच्या, ग्रेफच्याच अधिकारी.

या रस्त्यांवर खडी फोडणारे, बर्फ उपसणारे हजारो हात रोजंदारी मजुरांचे असतात. लडाखच्या कामांवर झारखंडच्या दुमका भागातून माणसं जातात. दहा-बारा हजार फुटांवर, विरळ हवेत राबणाऱ्या या मजुरांचं नाव कुठल्याही फलकावर नसतं. रस्त्याचं श्रेय देताना त्यांना वगळणं अन्यायाचं आहे.

गैरसमज ४ : बीआरओचं काम फक्त भारताच्या हद्दीत, आणि तेही सगळं स्वबळावर.

वस्तुस्थिती : भूतानमध्ये बीआरओचा ‘दंतक’ प्रकल्प १९६१ पासून रस्ते बांधतो आहे. अफगाणिस्तानातला देलाराम ते झरंज हा २१८ किलोमीटरचा रस्ताही बीआरओनेच बांधला. दुसरीकडे, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा बीआरओचा प्रकल्प असला, तरी खोदकामाचं कंत्राट मुंबईची ॲफकॉन्स आणि ऑस्ट्रियाची स्ट्राबाग यांच्या संयुक्त कंपनीकडे होतं. मोठ्या कामात सरकारी यंत्रणा आणि खासगी कौशल्य हातात हात घालून चालतात. यात कमीपणा काही नाही.

गैरसमज ५ : बेली पूल म्हणजे घाईत उभारलेला कच्चा पूल.

वस्तुस्थिती : वायनाडमध्ये उभारला तसा बेली पूल कच्चा नसतो, पण तो कायमच्या पुलाची जागाही घेत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अभियंते डोनाल्ड बेली यांनी त्याची रचना केली. त्याचा पॅनल १० फूट लांब, सुमारे ५ फूट उंच आणि अडीचशे किलोंच्या आसपास वजनाचा, म्हणजे क्रेनशिवाय सहा माणसांनी उचलता येईल एवढा. पॅनल पोलादी पिनांनी एकमेकांना जोडतात. भार जास्त असेल तर शेजारी दुसरी, तिसरी ओळ लावतात किंवा वर आणखी एक मजला चढवतात.

पूल अलीकडच्या काठावर रोलरवर जोडत जातात आणि तसाच पुढे ढकलतात. पुढच्या टोकाला हलका सांगाडा असतो. मागचा भाग जड राहत असल्याने पूल पलीकडे टेकेपर्यंत पाण्यात कलंडत नाही. टेकला की पुढचा सांगाडा सोडवून घेतात. एवढं सगळं भर पावसात, रात्री, उजेडाच्या तुटपुंज्या सोयीत करायचं, तर हात तयार असावे लागतात. ती तयारी रोजच्या सरावातून येते.

मात्र या पुलाला वजनाची आणि वेगाची मर्यादा असते. पिना आणि जोड वारंवार तपासावे लागतात. संकटात तुटलेली वाट जोडणं, हे त्याचं काम.

गैरसमज ६ : लष्कर झटपट बांधतं, मग सगळे पूल त्यांनाच द्यावेत.

वस्तुस्थिती : २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथे पादचारी पूल उभारले; २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. प्रवाशांची सोय झाली. पण तेव्हाच अनेक निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, शांत काळात शहरातला पादचारी पूल हे सैन्याचं काम आहे का? प्रश्न योग्य होता. नागरी प्रशासनाने मागणी केल्यावर मदतीला धावणं हे लष्कराचं कर्तव्य आहे, पण ते आपत्तीसाठी. पुलाचं साहित्य आणि प्रशिक्षित माणसं सीमेसाठी आणि संकटासाठी राखून ठेवलेली असतात.

शिवाय नागरी यंत्रणेला वेगाने काम जमत नाही, हेही खरं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. तिथला नवा, पक्का पूल ५ जून २०१७ ला वाहतुकीसाठी खुला झाला, सुमारे दहा महिन्यांत. इच्छा, निधी आणि देखरेख तिन्ही असली की नागरी खातंही हे करू शकतं.

लष्करी अभियंत्यांचा खरा मान त्यांचं काम ओळखण्यात आहे. आपल्या खात्यांची हयगय त्यांच्या खांद्यावर टाकण्यात नाही. तुमच्या गावचा पूल धोकादायक झाला असेल, तर तो जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महापालिकेचा की रेल्वेचा, हे आधी शोधा. त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.