वायरलेस कीबोर्ड अक्षरं का खातो?

ज्यांना लोकलच्या गर्दीत आजचा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझं मधलं मधलं 'अं... म्हणजे' काढून टाकलंय.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, घरच्या कॉम्प्युटरला वायरलेस कीबोर्ड-माउसचा सेट घ्यायचाय. पण आमच्याकडे वायफाय नाही, मोबाइलचाच डेटा आहे. चालेल का?" चालेल. याचा वायफायशी आणि नेटशी काही संबंध नाही. सेटबरोबर नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. तो कॉम्प्युटरला लावायचा, कीबोर्ड आणि माउसमध्ये सेल घालायचे, खालचं बटण ऑन करायचं, झालं. उत्तर इथेच संपलं असतं. पण ते रेकॉर्ड करता करता मला आमच्याच घरातला किस्सा आठवला, आणि तो सांगायला मला जरा लाज वाटते.

माझी ताई सध्या टायपिंगच्या परीक्षेची तयारी करतेय. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेलच. बाळ झाल्यावर तीन वर्षं तिचं टायपिंग सुटलं होतं. दिवाळीला मी घरच्या जुन्या डेस्कटॉपसाठी वायरलेस सेट आणला. हजाराच्या आतला, दिसायला झकास. ताई रोज संध्याकाळी सात ते नऊ, बाळ आईकडे देऊन बसायची.

पंधरा दिवसांनी मी तिची वही पाहिली. रोजच्या चुकांचा हिशोब. 'मराठी'चं 'मरठी', 'काम'चं 'कम'. कुठे काना गळलेला, कुठे मात्रा, आणि मध्येच एखादं अक्षर सात-आठ वेळा उमटलेलं. ती म्हणाली, "बोटंच गेली रे माझी. जमणार नाही आता." मी काय म्हणालो असेन? "ताई, प्रॅक्टिस कमी पडतेय तुझी." शहाणा!

मग एका रविवारी ती दुपारी बसली आणि चुका निम्म्याहून कमी झाल्या. सोमवारी संध्याकाळी पुन्हा तेच. बोटं काही वेळ बघून चुकत नाहीत. मग संध्याकाळी घरात वेगळं काय होत होतं? मी ऑफिसातून येऊन पॉडकास्टची रेकॉर्डिंग्ज बॅकअपला टाकत होतो. कॅबिनेटच्या मागे एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावायची, ती जेवणापर्यंत चालू. आणि तिच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये ताईच्या कीबोर्डचं डोंगल.

आता यात नेमकं होतं काय, ते समजून घेऊ.

वायर नसली तरी निरोप कशावरून तरी जायलाच हवा. तो जातो रेडिओ लहरींवरून. यातले बहुतेक सेट 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून तिथे तोबा गर्दी आहे. वायफाय राउटर तिथे, ब्लूटूथचे इअरबड तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती तिथेच. आपला कीबोर्ड दोन पेन्सिल सेलवर चालणारा, त्याचा आवाज आधीच बारीक. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना कोपऱ्यातून कुणी कुजबुजावं, तसं.

आणि हा बँड अगदी डोंगलच्या कानाशी वाजवते यूएसबी 3.0. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह वगैरे आपण ज्या निळ्या पोर्टला लावतो ना, ते. त्यातून डेटा सेकंदाला 5 गिगाबिट इतक्या वेगानं धावतो, आणि त्या धावपळीत जो रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो. हे काही माझं संशोधन नाही. इंटेलनं 2012 मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं, आणि त्यात वायरलेस माउस अडखळण्याचाच दाखला आहे. वायर, प्लग आणि डिस्कचा डबा यांना धातूचं कवच नीट नसेल तर गोंगाट जास्त. स्वस्तातल्या केबलकडून त्याची फार अपेक्षा ठेवू नका.

अक्षर गळतं कसं? कळ दाबली की कीबोर्ड एक निरोप पाठवतो: 'दाबली'. सोडली की दुसरा: 'सोडली'. गोंगाटात निरोप हरवला तर कीबोर्ड पुन्हा पाठवून बघतो, पण त्यालाही मर्यादा असते. 'दाबली' हरवला तर अक्षर उमटतच नाही. 'सोडली' हरवला तर कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून कळीवरच आहे, आणि तो 'ककककक' छापत सुटतो. ताईच्या वहीतल्या दोन्ही प्रकारच्या चुका इथल्याच होत्या. माउसचं असं लक्षात येत नाही, कारण साधा माउसही हलताना सेकंदाला शंभरेक वेळा आपली हालचाल कळवतो. त्यातले चार-दोन निरोप गेले तर बाण जरा उडी मारतो, एवढंच. कीबोर्डचा एक निरोप गेला की एक अक्षर गेलं.

त्यात आमचं कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. पत्र्याचा डबा मध्ये, डोंगल त्याच्या मागे. म्हणजे बँडच्या गोंगाटात कुजबुज, आणि तीही दाराआडून.

उपाय इतका साधा निघाला की राग आला. मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर कीबोर्डपासून वीतभर अंतरावर ठेवलं. वायर लावली काळ्या, म्हणजे यूएसबी 2.0 पोर्टला. डोंगलला निळ्या पोर्टची गरजच नसते, त्याचा डेटा असून असून किती असणार! वायर आणायची नसेल तर निदान डोंगल पुढच्या पोर्टला लावा आणि हार्ड डिस्क मागे. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

तुमच्याकडेही असं होतंय का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. नोटपॅड उघडा, हार्ड डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि पाठ असलेला एक परिच्छेद टाइप करा. मग डिस्क काढून तोच परिच्छेद पुन्हा. दोन्हीकडे सारख्याच चुका असतील तर आधी सेल बदला. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल इथे घालू नका, अल्कलाइन घ्या. सेल उतरला की हीच लक्षणं दिसतात. आणि महिनाभर गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतल्या स्प्रिंगा खातात. काचेच्या टेबलावर माउस चालत नसेल तर खाली वर्तमानपत्र ठेवा, त्यात रेडिओचा काही दोष नाही.

एक महत्त्वाचं. डोंगल हरवू नका. स्वस्त सेटमध्ये ते कारखान्यातच त्या जोडीशी बांधलेलं असतं. दुसऱ्या सेटचं डोंगल याला चालत नाही, म्हणजे नखाएवढी वस्तू गेली की सगळा सेट भंगारात. बऱ्याच माउसच्या पोटात, सेलशेजारी, डोंगल ठेवायला खाच असते. प्रवासात तिथेच ठेवायचं.

"मग ब्लूटूथचाच घेऊ की!" असं कुणीतरी म्हणणारच. लॅपटॉप आणि टॅबसाठी जरूर घ्या. पण जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ब्लूटूथ नसतं. आणि विंडोज बिघडून बायोसमध्ये जावं लागलं तर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा तिथे गप्प बसतो. डोंगलवाला कॉम्प्युटरला साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो, म्हणून तो बहुतेक वेळा चालतो. तरी जुना वायरचा कीबोर्ड फेकू नका, माळ्यावर असू द्या.

हेच डोंगल ओटीजी लावून अँड्रॉइड फोनला जोडता येतं, हे किती जणांना माहीत आहे? स्क्रीनवर चक्क माउसचा बाण येतो. फोन पडून टच मेला, पण डिस्प्ले दिसतोय, अशा वेळी याच माउसनं पॅटर्न काढून फोटो वाचवता येतात. माझ्या मित्राचे अख्ख्या सहलीचे फोटो असेच वाचले.

आता थोडं भीतीचं. हवेतून जाणारा निरोप दुसराही ऐकू शकतो. 2016 मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की काही वायरलेस कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ उघड्यावर, कुठलंही कुलूप न लावता पाठवतात. योग्य उपकरण असेल तर लांबून ती वाचता येते, म्हणजे पासवर्डसुद्धा. त्याच वर्षी त्यांनी दुसरी त्रुटीही मांडली: काही डोंगलांना बाहेरूनच खोट्या कळा पाठवता येत होत्या. म्हणून घेताना खोक्यावर 'एईएस 128 बिट एन्क्रिप्शन' लिहिलंय का बघा. नसेल तर गाणी लावायला, गेम खेळायला तो सेट ठीक आहे. बँकेचा पासवर्ड त्यावर टाकायचा मी तरी टाळतो, माळ्यावरचा काढतो.

ताईच्या परीक्षेला आता पाच आठवडे आहेत. एक्स्टेंशन वायर लावल्यापासून तिच्या वहीतले गळलेले काने जवळपास थांबलेत. वेग अजून 27-28 वर अडकलाय, तो मात्र खरंच प्रॅक्टिसचा भाग, असं तीच म्हणते. तिच्या क्लासमध्ये सगळे कीबोर्ड वायरचे आहेत, कळा जरा जड. त्यामुळे शेवटचे पंधरा दिवस घरीही वायरच्याच कीबोर्डवर बसायचं असं तिनं ठरवलंय. माझ्या हार्ड डिस्कवर तिनं चिकटपट्टी लावून स्केचपेननं लिहिलंय: 'सात ते नऊ लावू नये.' हा भागही मी त्यामुळे साडेनऊनंतरच बॅकअपला टाकला.