हॅप्पी बड्डे, साडेपाच किलो!

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे कॉम्प्युटरवर जन्मलेली आपली सगळ्यात लोकप्रिय कला. फाइल पेनड्राइव्हवर मावते. छापून आली की तिचं वजन किती भरतं, ठाऊक आहे?

'भावाचा बड्डे आहे, एक फोटो टाक ना ग्रुपवर.' गाव मराठवाड्यात आणि क्युबिकल हिंजवडीत किंवा ऐरोलीत, अशा प्रत्येकाला हा मेसेज कधी ना कधी येतोच. आपण कॉलेजच्या आयकार्डवरचा जुना फोटो पाठवतो, मोबाइलवरून वर्गणी ढकलतो आणि मीटिंगला पळतो. दोन दिवसांनी ग्रुपवर फ्लेक्स झळकतो. मधोमध भाऊ, गॉगल लावून, हात जोडून. वर साहेब. साहेबांच्या वर मोठे साहेब. आणि अगदी तळाला, शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून सातवे आपण. अभिनंदन बॉस, तुम्ही डिजिटल आर्टचे प्रायोजक झालात!

हसू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातलं मुरुम घ्या. कर्नाटकच्या सीमेजवळचं, नगरपरिषद असलेलं बाजारपेठेचं गाव. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी इथून रात्रभराच्या बसप्रवासावर. म्हणून इथल्या लोकांच्या नजरेला डिजिटल आर्ट पडत नाही असं थोडंच आहे? ती रोज पडते. जन्म, लग्न, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली, सगळं फ्लेक्सवर. गॅलरीतल्या एखाद्या डिजिटल प्रिंटला आठवडाभरात जेवढे प्रेक्षक मिळत नसतील, तेवढे चौकातल्या फ्लेक्सला सकाळच्या चहापर्यंत मिळतात.

आणि त्यामागे कौशल्यही असतं बरं का. कोरलड्रॉ १९८९ चं, फोटोशॉप १९९० चं. जाहिरात कंपन्यांच्या वातानुकूलित स्टुडिओत वाढलेली ही सॉफ्टवेअर्स तालुक्याच्या गाळ्यांत येऊन पोचली. आता तयार टेम्प्लेट डाउनलोड करायचं, माणसाचं कटिंग करायचं, मागे सूर्यकिरणं, वाघ किंवा सिंह, नावाला सोनेरी थ्रीडी इफेक्ट. हल्ली बॅकग्राउंडला एआयसुद्धा हाताशी आहे. पण खरी कसोटी वेगळीच. कोणाचा फोटो किती मोठा, कोण कोणाच्या वर, कोणाला आधी 'मा.' लावायचं. हा प्रोटोकॉल चुकला तर फ्लेक्स परत! त्यात गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो मोठा करताना फाटतो, तो निस्तरायचा. कलासमीक्षक याकडे नाक मुरडतात. मला मात्र गावाच्या सत्तेचा इतका अचूक नकाशा दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

ब्रश ते माउस

फ्लेक्सच्या आधी हे काम पेंटर करायचा. कापडावर, पत्र्यावर, भिंतीवर. दुकानाची पाटी, तमाशाचा बोर्ड, 'हम दो हमारे दो', निवडणुकीची निशाणी, सगळीकडे त्याचाच हात. आणि ही कलाही काही ऐरीगैरी नव्हती. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. सीमेपलीकडच्या कलबुर्गीचे, १९१६ साली जन्मलेले एस. एम. पंडित मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि सिनेमाच्या पोस्टरांबरोबर कॅलेंडरवरच्या देवदेवतांनी घराघरात पोचले.

मग २००० नंतर मोठी इंकजेट मशिन्स गावोगाव आली. रेट चौरस फुटावर, डिलिव्हरी काही तासांत, चेहरा हुबेहूब. पेंटरला दोन दिवस लागायचे आणि साहेबांचं नाक जरा इकडेतिकडे व्हायचं. सामना एकतर्फीच होता. काही पेंटर कोरल शिकले, काहींनी घरांना डिस्टेंपर मारायला सुरुवात केली. गावातल्या प्रत्येक दुकानाचं अक्षर वेगळं असायचं, ते त्याच चार-पाच फॉन्टांवर आलं.

वजनकाटा लावू या

आता मुद्द्याचं. फ्लेक्सला आपण सवयीनं 'बॅनरचं कापड' म्हणतो, पण तो प्लास्टिक आहे. आत पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं (आपल्या पाण्याच्या पाइपचंच भावंड), ते गुंडाळता यावं म्हणून त्यात मऊपणा आणणारी रसायनं मिसळतात. त्यावर सॉल्व्हंटची शाई.

याचं माप धंद्यात 'जीएसएम'मध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ३०० जीएसएमचा माल धरू. दहा बाय वीसचा फ्लेक्स म्हणजे २०० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. गुणाकार करा. साडेपाच किलो! पाच ग्रॅमची एक अशा कॅरीबॅग धरल्या तर हजाराहून जास्त. भाजीवाल्या मावशींकडे पिशवी मागायला आपल्याला आता लाज वाटते, आणि इकडे दहा मित्रांनी वर्गणी काढून एक फ्लेक्स लावला की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा किलोच्या वर प्लास्टिक. त्याचं काम किती दिवसांचं? एक. फार तर आठवडा, कारण नंतर दुसऱ्या भाऊंचा बड्डे येतो.

पुढचा मामला आणखी चिवट आहे. जाळी आणि थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे ते सुटे करून रिसायकल करणं किचकट आणि परवडत नाही. फ्रेमच्या लाकडाला किंमत असते, ते पुन्हा वापरलं जातं. फ्लेक्स फाडून टाकला जातो. जाळावा म्हणाल तर पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. उघड्यावर पेटवलं की आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं तयार होतात. शेकोटीत फ्लेक्सचा तुकडा टाकणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

गंमत म्हणजे, ज्या सॉफ्टवेअरनं हा ढीग वाढवला, त्याच जातीची साधनं वापरून काही कलावंतांनी हा ढीग दाखवूनही दिलाय. अमेरिकेतल्या ख्रिस जॉर्डननं २००९ मध्ये 'गायर' नावाची प्रतिमा केली. लांबून पाहिलं तर होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट. जवळ गेलं की दिसतात २४ लाख प्लास्टिकचे तुकडे. जगभरच्या समुद्रांत दर तासाला जितके पौंड प्लास्टिक जातं असा अंदाज होता, तितके. असा आकडा एका क्लिकमध्ये मावत नाही, तो कॉम्प्युटरवर जोडत न्यावा लागतो. आपल्याकडे विवान सुंदरम यांनी (२०२३ मध्ये ते गेले) स्टुडिओत कचऱ्याचं अख्खं शहर मांडलं आणि त्याचे मोठमोठे डिजिटल प्रिंट केले. 'ट्रॅश' हे त्या मालिकेचं नाव. भारीच आहेत ही कामं. पण ती बघायला जो जातो त्याला प्लास्टिकचा प्रश्न बहुधा आधीच पटलेला असतो. फ्लेक्सवाल्या गाळ्यापर्यंत ती पोचत नाहीत.

सोयाबीनवरचे साहेब

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गावात फ्लेक्स लगेच कचऱ्यात जात नाही. मराठवाड्यात ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढून ढीग लावला की नेमका पाऊस येतो. नवी ताडपत्री महाग. अशा वेळी उतरवलेला फ्लेक्स सोन्यासारखा. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, ऊसतोड कामगारांच्या कोपीवर पालथा पडलेला, कधी सुलटा. मग भर शिवारात भाऊ गॉगल लावून सोयाबीनवर पहुडलेले दिसतात. एवढं जवळून जनतेच्या उपयोगी पडलेलं साहेबांचं दुसरं काम आठवतंय का? असो.

अडचण उन्हाची आहे. मऊपणा देणारी रसायनं हळूहळू निघून जातात, फ्लेक्स ताठ होतो, घड्यांवर तडकतो. मग पापुद्रे सुटतात, वाऱ्यानं उडतात, नांगरटीत मातीत मिसळतात. ताडपत्रीचे पैसे वाचतात, त्याचे तुकडे शेतातच राहतात.

शंभर मायक्रॉनची पळवाट

कायदा काय करतोय? महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा सगळा जोर पिशव्या, ताटं-वाट्या आणि थर्माकोलवर होता. मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली आणि त्या यादीत चक्क पीव्हीसी बॅनर होता! पण कोणता? शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ. चौकातला नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाडच असतो. म्हणजे बारीक सापडला आणि जाडा सुटला.

विनापरवाना होर्डिंगचा मुद्दा वेगळा. त्यावर साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. तरी कुठल्याही शहरातला चौक बघा आणि काय ते समजून घ्या.

बाहेरच्या राज्यांत मात्र २०१९ हे वर्ष हलवून सोडणारं ठरलं. १२ सप्टेंबरला चेन्नईत २३ वर्षांची एक आयटी इंजिनीअर स्कूटरवरून ऑफिसमधून घरी निघाली होती. एका राजकीय कार्यकर्त्याच्या मुलाच्या लग्नाचा फ्लेक्स सुटून तिच्या अंगावर पडला, ती रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेल्या टँकरनं तिला चिरडलं. लग्नाच्या स्वागताचा फ्लेक्स होता तो. त्याच वर्षी केरळ सरकारनं पीव्हीसी फ्लेक्सच्या वापरावर बंदी घातली आणि तिथे कापड, कागद असे पर्याय पुढे आले.

आपल्याकडेही सुती कापडावर डिजिटल प्रिंट मिळते. रंग फ्लेक्सइतके भडक येत नाहीत, पावसात ते लोंबतं आणि चौरस फुटाला पैसे जास्त पडतात, हे आधीच सांगून ठेवते. पण तुमच्या वर्गणीतून कापड मागायला कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय ती फाइल व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावली की वजन शून्य, फक्त तिथे चौक नसतो, ही खरी गोची आहे.

आणि पेंटर? दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी (त्यांचं २०२४ मध्ये निधन झालं) रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे डिजिटल फॉन्ट बनवले. प्रकल्पाचं नाव 'हँडपेंटेडटाइप', एका फॉन्टचं नाव 'पेंटर कफील'. ज्या मशिननं हातातलं काम नेलं, त्याच्याच मेनूत पेंटरचं नाव बसलं. मराठवाड्यातल्या पेंटरांच्या अक्षरांवर असं काम करायला कोणा डिझायनरचा हात शिवशिवत असेल तर उशीर करू नये, कारण भिंतींवरची ती अक्षरं दर दिवाळीला एकेक करून रंगाखाली जातायत. गावात अजून ब्रश धरणारा कोणी असेल तर त्याच्याकडून कापडावर बड्डे लिहून घेता येईल. त्याला दोन दिवस लागतील, एवढंच. म्हणजे भावाची तारीख आदल्या रात्री आठवून चालणार नाही.