अर्धा पडदा मजकुराचा, अर्धा कोडचा

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आणली. तिच्यात विंडो एकमेकींवर चढत नसत. दुसरा प्रोग्रॅम उघडला की पहिला आक्रसून जागा करून देई आणि दोघे पडदा वाटून घेत. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत विंडो एकमेकींवर टाकता येऊ लागल्या, आणि पुढची वीसेक वर्षे बहुतेकांच्या पडद्यावर विंडोंचा ढीगच राहिला. हवी ती वर काढायची, काम झाले की ती पुन्हा खाली जायची. विंडोज ९५ मध्ये खालच्या पट्टीवर उजवी क्लिक करून उघड्या विंडो उभ्या पट्ट्यांत लावता येत, पण ही सोय फार थोड्यांना ठाऊक होती. २००९ मध्ये विंडोज ७ आले आणि विंडोजचे बटण दाबून डावा बाण दाबला की विंडो अर्ध्या पडद्यावर नेमकी बसू लागली. सुरुवात जिथून झाली होती, तिथेच हे प्रकरण नव्या रूपात परत आले.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या इतिहासाला आणखी एक पदर आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. मजकुराचा प्रोग्रॅम आणि कोडचा प्रोग्रॅम आपल्याकडे शेजारी शेजारी मांडता येत नव्हते, त्या काळात दोघांना मराठी अक्षर एकसारखे कळत होते. ते शेजारी मांडता येऊ लागले तेव्हा दोघांचे अक्षर वेगळे झाले. पुन्हा जुळायला पंधरा-वीस वर्षे गेली.

तो पहिला काळ डॉसचा. काळ्या पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी, आणि त्या सगळ्या एकाच प्रोग्रॅमच्या मालकीच्या. वर्डस्टारमध्ये पत्र लिहायचे, ते बंद करायचे, मग दुसरा प्रोग्रॅम उघडायचा. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि तिथून जिस्ट कार्ड आले. हे कार्ड संगणकाच्या आत बसवले की डॉसवरच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येच देवनागरी उमटू लागे. कार्डामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला प्रमाण ठरवले. २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्यात इंग्रजी आणि वरच्या अर्ध्यात भारतीय लिपी, अशी तिची रचना. त्यात 'क' ला एक ठरलेला आकडा होता. वर्डस्टारमध्ये लिहिलेला 'क' आणि डीबेसच्या तक्त्यात भरलेला 'क' यांचा आकडा तोच. दोन्ही प्रोग्रॅम एका वेळी दिसत नसले तरी एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत होते. किती मोठी गोष्ट आपल्या हातात होती, हे ती गेल्यावरच लक्षात आले.

विंडोज रुळले आणि कार्ड मागे पडले. आता फॉन्टचे राज्य सुरू झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, आणि सी-डॅकच्याच आयएसएममधले सुरेख, योगेश. यांत असे केले जायचे की इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे: काना एका जागी, अर्धा 'त' दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाईलमध्ये मराठी नसायचीच, असायची ती फक्त मराठीच्या आकारांची रांग. वर्डमध्ये योग्य फॉन्ट निवडला की पान देखणे दिसे. तोच परिच्छेद उचलून शेजारच्या नोटपॅडमध्ये टाकला की डोक्यावर टिंबे आणि टोप्या असलेली युरोपीय अक्षरे आणि पौंडाच्या खुणा उमटत. या काळात दोन विंडो शेजारी ठेवून पाहिलेल्या कुणालाही हे दृश्य आठवेल. डावीकडे स्वच्छ मराठी आणि उजवीकडे तीच ओळ, ओळखू न येणारी.

त्या वेळी यावर फारशी ओरड झाली नाही. या दोन विंडो एका माणसाच्या नव्हत्याच, हे त्याचे कारण असावे. महाराष्ट्रात मजकूर डीटीपी ऑपरेटरचा होता. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्र, स्मरणिका हे सारे पेजमेकर आणि वर्डमध्ये चाले. कोड अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांचा, तोही टर्बो सीच्या निळ्या पडद्यात आणि संपूर्ण इंग्रजीत. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात पोचले. मी आता राहतो तो नंदुरबार जिल्हा तेव्हा नवाच होता, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला. तिथल्या शहाद्या-तळोद्याच्या कितीतरी मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो या वर्गांत. वर्ड त्यांना शिकायला मिळाले. शेजारी एडिटर उघडून त्याच मजकुराचे पान स्वतः बांधता येते, हे बहुतेकांपर्यंत पोचले नाही. माझ्या मते त्या दशकाची सर्वांत मोठी उणीव हीच.

फॉन्टच्या राज्यातून बाहेर पडणे किती किचकट होते, ते 'विद्यार्थी' या एका शब्दावरून कळते. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे 'व' च्या आधी साठवलेली असे. रफार 'थी' लिहून झाल्यावर वरून ठेवलेला. युनिकोड या संकेतप्रणालीला मात्र उच्चाराचा क्रम लागतो: आधी 'व', मग वेलांटी, आधी 'र', मग हलन्त, मग 'थ'. त्यामुळे नुसता एक आकार काढून दुसरा घातला की भागत नाही. वेलांटी पुढच्या व्यंजनामागे ढकलावी लागते आणि रफार मागे ओढून आणावा लागतो. मधे जोडाक्षर आले तर संपूर्ण जोडाक्षर ओलांडून. ही अदलाबदल करणाऱ्या लहान लहान स्क्रिप्टा ज्यांनी लिहिल्या, त्यांना दोन विंडो शेजारी लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे नियम, एक ओळ तपासली की पुढची. मराठीत मजकूर आणि कोड एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर एका वेळी आले ते बहुधा इथे पहिल्यांदा.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, इस्कीच्या मानकाच्या वर्षाची. तिच्यातली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली होती. आपल्या घरगुती संगणकावर ती पोचायला मात्र विंडोज एक्सपी यावे लागले. त्यातही कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी लागे. सोय सुरू झाली की मंगल फॉन्टमध्ये अक्षरे उमटत. हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी आणि सुलेखनकार म्हणून मराठी वाचकाला ते ठाऊक होतेच. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि मराठीत लिहिणाऱ्यांच्या एका मोठ्या गटाला प्रथमच मजकुरात खुणा घालाव्या लागल्या: चौकटी कंसात दुवा, बरोबरच्या चिन्हांत मथळा. त्याच वर्षी कोड लिहिण्यासाठीचे नोटपॅड प्लस प्लस आले. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून फाईल नेहमीच्या पद्धतीने साठवली की सगळे शब्द प्रश्नचिन्हे होत असत. साठवताना यूटीएफ-८ हे युनिकोडचे रूप आठवणीने निवडावे लागे. ते आपोआप निवडलेले मिळायला २०१९ उजाडले.

याच नंदुरबार जिल्ह्यात २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान आले होते म्हणून तो दिवस लोकांना आठवतो. मला त्यातली नोंदणीची मांडणी आठवते. ऑपरेटरच्या पडद्यावर नावाचे दोन रकाने, एक इंग्रजी आणि शेजारी मराठी. इंग्रजीत नाव भरले की शेजारी देवनागरी रूप उमटे. शिवाय दुसरा पडदा नाव सांगणाऱ्याकडे तोंड करून, कारण त्यालाही आपले नाव पाहता आले पाहिजे. वळवी या आडनावातला 'ळ' रोमनमध्ये जाऊन परत येताना 'ल' होऊ शकतो. ते पकडता येते ते दोन्ही रूपे शेजारी असली तरच.

मी सध्या तोरणमाळला असतो. सातपुड्याच्या या पठारावर, सात पायरीचा घाट चढून, हजार मीटरहून अधिक उंचीवर. इथल्या झाडांची, गवतांची आणि रानभाज्यांची पावरी बोलीतली व मराठी नावे गोळा करून शाळेतल्या मुलांसाठी साधी वेबपाने करणे, हे माझे काम. सांगणाऱ्यांच्या शब्दांत लिहिलेला मजकूर वर्डमध्ये असतो, पान बांधणारा कोड एडिटरमध्ये. पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क यशवंत तलावाच्या या काठाला असते तर त्या काठाला नसते. म्हणून फायली लॅपटॉपवरच, आणि पडदाही त्याचाच, १३६६ ठिपके रुंद.

या रुंदीचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. अर्धा पडदा म्हणजे ६८३ ठिपके. वर्डमधले ए-४ पान पूर्ण आकारात साधारण ७९४ ठिपके रुंद असते, म्हणजे ते अर्ध्यात मावत नाही आणि प्रत्येक ओळीसाठी पान सरकवावे लागते. आकार ८० टक्के केला की पान बसते. त्याहून बरे म्हणजे वेब लेआउट घ्यायचा, मग ओळी विंडोच्या रुंदीप्रमाणे आपोआप मोडतात. कंट्रोल आणि एफ-१ दाबून वरची रिबन मिटवली की उंचीही सुटते. ७६८ ठिपक्यांत ती फार जागा खाते. उजवीकडच्या एडिटरमध्ये, अक्षरामागे आठ ठिपके धरले तर ऐंशी अक्षरांची ओळ ६४० ठिपक्यांत बसते आणि ओळींच्या आकड्यांना जेमतेम जागा उरते. डॉसच्या ऐंशी अक्षरांची सवय कोड लिहिणाऱ्यांनी सोडली नाही, ती अशी उपयोगी पडते. विंडोज १० पासून दोन अर्ध्या विंडोंमधली रेघ धरून ओढली की एक वाढते तशी दुसरी घटते. लिहिण्याच्या दिवशी मी ती रेघ उजवीकडे नेतो, पान बांधण्याच्या दिवशी डावीकडे.

शेजारी मांडण्याचा खरा लाभ चुका दिसण्यात आहे. 'पायऱ्या' हा शब्द घ्या, या घाटाविषयी लिहिताना तो पानोपानी येतो. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्त्याचा 'ऱ' वापरून. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. वर्डमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. उजवीकडे शोध घेतला की अर्धेच सापडतात, आणि मग कळते की मजकुरात दोन हातांचे, दोन कीबोर्डांचे लेखन मिसळले आहे. 'ॲ' ची गोष्ट अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचा मजकूर 'अ' वर चंद्र ठेवून लिहिलेला, आणि तो अजून सगळीकडे फिरतो आहे. व्हीएस कोड या एडिटरने २०२१ पासून न दिसणाऱ्या चिन्हांभोवती चौकट काढायला सुरुवात केली. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यासाठी मला ती त्या एडिटरची सर्वांत मोलाची देणगी वाटते. उलट वर्डची एक सवय कोडला घातक आहे. ते सरळ अवतरणचिन्हे स्वतःहून वळणदार करते आणि तीन टिंबांचे एक चिन्ह करते. वाचायला ते सुंदर असते, पण तीच ओळ उजवीकडे नेली की कोड चालत नाही. वाहत्या मजकुरात वळणदार आणि खुणांमध्ये सरळ, हा भेद एकाच पडद्यावर डोळ्यांसमोर असला की हात आपोआप शिकतो.

सगळे जुळले आहे असे मात्र नाही. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर, पण आत सहा चिन्हे आहेत. एडिटरच्या तळाचा रकान्याचा आकडा सहाने पुढे जातो. अक्षरे समान रुंदीची धरून केलेल्या मांडणीत देवनागरीचे तक्ते वाकडे होतात. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' ज्या फॉन्टमध्ये आहे, तोही भाषा मराठी असल्याची खूण मिळाली तरच ते वळण दाखवतो. वर्डमध्ये ती खूण भाषा निवडून लागते, वेबपानात कोडमध्ये लिहावी लागते. एकीकडे लावली आणि दुसरीकडे विसरली तर शेजारी शेजारी एकाच शब्दाची दोन रूपे दिसतात.

आणि पावरी. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडामुळे सातपुड्यातल्या बोलींकडे मराठी वाचकाचे लक्ष गेले. वर्डच्या भाषांच्या यादीत मात्र मराठी, हिंदी, कोकणी सापडतात, पावरी सापडत नाही. उजवीकडच्या विंडोत ती अडचण नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पावरी बारेलीला बीएफबी ही तीन अक्षरी खूण आहे, भिलीला बीएचबी, आणि वेबपान ती मान्य करते. २००७ पासून वर्डची फाईल आतून साध्या खुणांच्या मजकुराचीच असते, दाबून बांधलेली. ती उलगडून स्क्रिप्टला वाचता येते. म्हणून डावीकडे मी 'पावरी' नावाची एक शैली केली आहे. सांगणाऱ्याचा शब्द लिहिला की त्याला ती शैली लावतो, आणि उजवीकडची स्क्रिप्ट ती पाहून पानात प्रत्येक शब्दाला त्याच्या भाषेचे नाव देते.