वळताना गाडीच्या पुढून आवाज येतोय? तो नेमका कधी येतो, ते आधी बघा

स्टेअरिंग फिरवलं की पुढच्या चाकाकडून 'कट-कट' ऐकू येतं. गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमकी शांत! मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो, बिल वाढतं आणि आवाज तसाच राहतो. हे टाळायचं असेल तर आवाज कधी येतो, हे मेकॅनिकला नीट सांगता आलं पाहिजे.

उभ्या गाडीत येतो का?

हँडब्रेक लावा, इंजिन सुरू ठेवा आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवा. स्प्रिंग निसटल्यासारखा 'टण्ण' आवाज आला तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर किंवा तिथल्या बेअरिंगवर घ्या. स्टेअरिंग पूर्ण वळल्यावर 'घूंऽऽ' होत असेल आणि गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असेल, तर आधी ऑइलची पातळी बघा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यात हे ऑइल नसतंच. त्यामुळे बिलात 'स्टेअरिंग ऑइल' दिसलं तर खुशाल विचारा, कुठे टाकलंत?

फक्त चालत्या गाडीत येतो का?

मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा आणि थोडा अॅक्सिलरेटर द्या. चाकाच्या वेगासोबत 'कट-कट' वाढली तर बहुतेक सीव्ही जॉइंट गेलाय. इंजिनची ताकद वळलेल्या चाकापर्यंत पोहोचवणारा हा सांधा. त्यावर ग्रीस भरलेलं रबरी बूट असतं. ते फाटलं की ग्रीस बाहेर आणि चिखल-पाणी आत, म्हणून पावसाळ्यात सांधा लवकर खराब होतो. आवाज सुरू होण्याआधी फाटलेलं बूट सापडलं तर अनेकदा बूट आणि ग्रीस बदलून भागतं. नंतर मात्र जॉइंट किंवा अख्खा ड्राइव्ह शाफ्ट बदलावा लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतंय का, हे टॉर्चच्या उजेडात घरीच बघता येतं.

वेग वाढला की घरघर वाढत असेल, तर व्हील बेअरिंग तपासा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक 'खर्र-खर्र' सुरू झालं, तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. यात पार्ट बदलायची गरज नसते.

कुठला आवाज अंगावर काढू नये?

वळताना आणि स्पीडब्रेकरवर कुरकुर किंवा 'धप्प' येत असेल, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट आधी तपासून घ्या. तो निखळला तर चाक आडवं होतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. अशा गाडीने हायवेवर जाऊ नका. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन, चाक वर-खाली धरून हलवायला सांगा आणि 'प्ले' स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लोअर आर्म बदलला तर व्हील अलाइनमेंटही करून घ्या, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील.