घाटावरची पिकअप, घाटाखालची पिकअप

जुनी पिकअप घ्यायला निघालेला नवखा माणूस आधी मीटर बघतो. मुरलेला मिस्त्री मीटरच्या भानगडीत पडत नाही, कारण ते कधी सुटले आणि कधी पुन्हा जोडले गेले याचा हिशोब कोणाकडेच नसतो. तो एवढेच विचारतो, ‘गाडी घाटावर चालली का घाटाखाली?’ बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाच्या उत्तरातून गाडीची निम्मी कुंडली कळते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. तेरा तालुक्यांपैकी बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. मोताळा पायथ्याशी. मोताळ्याहून बुलढाण्याकडे राजूर घाट चढतो, तर खामगावहून येणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून, बोथ्याच्या जंगलातून वर येतो. खत, सिमेंट, किराणा वर चढतो. धान्य आणि भाजीपाला खाली उतरतो. एमएच-२८ पासिंगच्या पिकअपचे आयुष्य बहुतेक या चढउतारातच जाते.

एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच आठवड्यात शोरूमबाहेर पडलेली दोन वाहने घ्या. पाच वर्षांनी ती सख्खी भावंडे वाटणार नाहीत. घाटावरच्या गाडीची क्लच प्लेट आधी जाते. भरल्या गाडीने वळणावर थांबून पुन्हा चढ घ्यायचा म्हणजे अर्धा क्लच दाबून ठेवणे आले, आणि प्लेट जळते ती तिथेच. मग ब्रेक लायनर, ड्रम आणि खालचे गिअर.

उतारावर आणखी एक वाईट खोड दिसते. डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. मुळात यात डिझेल वाचतच नाही. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरताना चाकेच इंजिनाला फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. काही बहाद्दर तर चावीच बंद करतात. इंजिन थांबले की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमही संपतो, दोन-तीनदा पाय दाबला की पॅडल दगडासारखे कडक होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा ब्रेक धरून उतरणाऱ्या ड्रायव्हरची गाडी लायनरवर कमी खर्च करते, हे वहीत नीट नोंद ठेवणाऱ्या मालकांना चांगले ठाऊक असते.

घाटाखालचे दुखणे निराळे. तिथे ऊन आहे, काळी माती आहे आणि पाणी खारे आहे. काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्यासोबत हलतो, म्हणून डांबर शाबूत असले तरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर मागचे पाटे दिवसभर वाकत-सरळ होत राहतात. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडलेल्या गाडीच्या चाकांत आणि ड्रममागे चिखल भरतो, वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि आतली ओल धरून ठेवतो. ग्रीसिंगचा कंटाळा केला की क्रॉस आणि बेअरिंग तिथे लवकर बोलायला लागतात.

खाऱ्या पाण्याची गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातून जातो. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की क्षार पत्र्याच्या सांध्यांत राहतात आणि गंज आतून सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी तेच पाणी ओतणे. पाणी आटते, क्षार नळ्यांत बसतो, उन्हाळ्यात इंजिन तापते आणि एक दिवस हेड गॅस्केट उडते. मालक म्हणतो, इंजिन कमजोर निघाले. कूलंटच्या डब्याचे पैसे वाचवल्याचे मात्र तो सांगत नाही. खतांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांचा डालाही असाच जातो. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत हवेतली ओल ओढते आणि पत्रा खाते. खेप संपल्यावर डाला गोड्या पाण्याने धुऊन काढणारे मालक थोडे. त्यांच्या गाड्यांचा डाला उशिरा बदलावा लागतो.

आता मुख्य विषय, भार. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये साठ किलोचे कट्टे भरले तर पंचवीस बसायला हवेत. हंगामात, सोयाबीनचा भाव दुपारपर्यंत टिकेल की नाही या काळजीत, चाळीस कट्टे चढतात. म्हणजे २४ क्विंटल. कापसाचे गणित उलटे आहे. कापूस डाल्याच्या वर डोंगरासारखा दिसतो, वळणावर गाडी डुलते, बघणाऱ्याला वाटते फार भरली. पण वजनाने कापूस हलका. गाडी मोडते ती सिमेंट, वाळू, लोखंड आणि ओल्या मालाने.

जादा भाराचा पहिला फटका पाट्यांना. हे काम एकदा बाजाराजवळच्या गॅरेजमध्ये उभे राहून बघावे. गाडी मागून एका अंगाला बसलेली असते. मिस्त्री जॅक लावतो, पान्याला लोखंडी नळी जोडून यू-बोल्ट सैल करतो आणि पाट्यांचा संच खाली उतरवतो. मेन पाटा शाबूत, दुसरा मधोमध तुटलेला. तुटलेल्या जागी लोखंडाचे दोन रंग दिसतात. कडेचा भाग काळपट, गंजलेला; आतला चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी भेग, जी कित्येक दिवस हळूहळू आत सरकत होती. चकचकीत भाग त्या दिवशीचा. म्हणजे पाटा शेवटच्या खड्ड्यात तुटला, पण मोडायला सुरुवात फार आधी झाली होती. धातूला थकवा येतो तो असा. प्रत्येक वाकण्याचा हिशोब राहतो, आणि भार वाढवला की आयुष्य त्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कितीतरी पट घटते.

इथेच मालक मिस्त्रीला म्हणतो, ‘एक पाटा वाढव.’ हा सल्ला मला नेहमीच महाग वाटत आला आहे. पाटा वाढवला की गाडी बसत नाही हे खरे. पण कंपनीने पाट्यांवर सोपवलेला धक्का आता पाटे घेत नाहीत, तो पुढे चेसिसकडे आणि एक्सलकडे जातो. रिकामी गाडी उड्या मारते, हँगरजवळ चेसिसला बारीक तडा जातो, त्यावर वेल्डिंग होते, वेल्डिंगच्या बाजूला दुसरा तडा जातो. आणखी एक छोटी गोष्ट बहुतेक जण विसरतात. नवे पाटे बसवल्यावर काही दिवस गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ते ढिले राहिले तर मधला सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल जागचा सरकतो आणि टायर एका बाजूने घासून जातात. दोष टायर कंपनीच्या माथी. शिवाय कायद्याने जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एका पकडीत कितीतरी जादा खेपांची कमाई जाते.

एवढे सोसूनही या गाड्या दहा-बारा वर्षे चालतात, त्यामागे थोडा इतिहास आहे. टाटांची ४०७ पुण्याहून १९८६ मध्ये आली. जपानी भागीदारीतल्या हलक्या ट्रकची तेव्हा चलती होती. सुमंत मुळगावकरांच्या काळात घडलेल्या या देशी गाडीने तो बाजार उलटवला. मे २००५ मध्ये टाटा एस आली. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, पाऊण टन भार, आणि लोकांनी नाव दिले छोटा हत्ती. गिरीश वाघ यांच्या चमूने गाडी आखण्यापूर्वी तीनचाकी आणि ट्रक चालवणाऱ्यांशी बोलून गरजा समजून घेतल्या होत्या. तीनचाकीऐवजी चारचाकी असेल तर गावात लग्न लवकर जमते, असे एका चालकाने सांगितल्याचा किस्सा त्या काळी गाजला. मला तो बाजार-संशोधनाच्या जाडजूड अहवालापेक्षा जास्त पटतो.

महिंद्राच्या पिकअपची गोष्ट वऱ्हाडाला अधिक जवळची. तिच्या २५२३ सीसीच्या इंजिनाचे घराणे ट्रॅक्टरचे आहे. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला, त्या परंपरेतल्या इंजिनाच्या मापांवर हे उभे आहे. त्यामुळे गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री पिकअपचे इंजिन उघडायला घाबरला नाही. नोझल, पंप, लायनर-पिस्टन, व्हॉल्व्ह या गोष्टी त्याच्या हाताखालच्या. सुटे भाग तालुक्याला मिळतात, आणि मूळ महाग वाटला तर डुप्लिकेटही मिळतो, जो घेऊ नये हे सगळ्यांना माहीत असूनही घेतला जातो.

अमेरिकेत गाडीचा टिकाऊपणा मोजायची एक प्रसिद्ध पाहणी आहे. जे. डी. पॉवरची. तीन वर्षे जुन्या गाड्यांत दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा तिचा हिशोब. तिथे ब्लूटूथ न जुळणे हीसुद्धा तक्रार असते. आपल्या पिकअपवाल्याचे माप वेगळे. गाडी बिघडते, हे त्याने धरूनच ठेवलेले असते; प्रश्न एवढाच की ती किती वेळ उभी राहते. ‘गाडी उभी राह्यली तरी हप्ता काई थांबत नाई, भाऊ,’ हे वाक्य घाटावर आणि घाटाखाली सारखेच ऐकू येते. संध्याकाळपर्यंत पुन्हा रस्त्यावर आलेली गाडी त्याच्या लेखी टिकाऊ. टोयोटाची हायलक्स १९६८ पासून वाळवंटांत आणि डोंगरांत नाव कमावून आहे, त्यातही तिच्या मजबुतीइतकाच, कुठेही भाग मिळण्याचा आणि कोणीही दुरुस्त करू शकण्याचा वाटा आहे.

म्हणूनच आजच्या मालकाची धास्ती वेगळीच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. धूर कमी झाला, आवाज कमी झाला, ताकद वाढली, आणि हे सारे चांगलेच झाले. जुन्या पिकअपच्या मागे मोटारसायकलवर घाट चढलेल्या कोणालाही विचारा. पण सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी जाळी आली. ही जाळी स्वतःला साफ करते ती आतली काजळी जाळून, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, गरम इंजिनाने, बऱ्यापैकी वेगात धावावी लागते. बाजार समितीच्या रांगेत तासभर इंजिन चालू ठेवून उभी राहणारी, गावातल्या गावात चार-पाच किलोमीटरच्या खेपा मारणारी गाडी तिला ही संधीच देत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, मग एक दिवस गाडी ओढतच नाही. कॉम्प्युटरने तिची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. गावातला मिस्त्री बोनेट उघडतो आणि हात पुसत म्हणतो, स्कॅनर लावावा लागेल.

ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण लागते, तिथे आणखी एक अघोरी प्रयोग होतो. खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात घोळून टाकीत ओतणे. २०१५ पासून देशात बनणारा शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. हे द्रावण यंत्रणेत गेले की नोझल आणि आतला महागडा उत्प्रेरक चोंदतो. काहीशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचे बिल येते, आणि वॉरंटीही हातची जाते.

यावर माझे मत सरळ आहे. नवी पिकअप वाईट नाही, पण ती घेणाऱ्याने आधी आपल्या खेपा बघाव्यात. मेहकरहून समृद्धी महामार्गाने लांबचा माल नेणाऱ्याला नव्या इंजिनाचा त्रास कमी होईल, कारण त्या जाळीला हवी तशीच त्याची धाव आहे. मात्र त्याने रिमोल्ड टायर टाळावेत. भर उन्हात सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगात ते तापतात आणि थर सोडतात. गावफेऱ्या करणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी हमरस्त्यावर गाडी मोकळी पळवावी. आणि कंपनीचे अधिकृत गॅरेज आपल्या गावापासून किती लांब आहे, हा प्रश्न मायलेजच्या आधी विचारावा.

जुनी घेणाऱ्यासाठी थोडे अधिक. गाडी किती वर्षे चालेल याचे भाकीत भेंडवळच्या घटमांडणीतही होत नाही, पण बॅटरी घेऊन गाडीखाली झोपले तर बरेच दिसते. हँगरजवळ वेल्डिंगचे टाके, एका बाजूला जास्त पाटे, चेसिसवर नुकताच मारलेला काळा रंग, यातले काही दिसले की भाव पाडा किंवा निघून या. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी लागतो, त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षांवरच्या गाडीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढले आहे, ते किमतीत धरा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. आणि रिकामी गाडी चालवून समाधान मानू नका. पंधरा क्विंटल माल भरा, चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलून बघा, मग गिअरमध्ये उतरवून ब्रेक बघा. मालक याला तयार नसेल, तर इसार देऊ नका.