गरोदरपणात नुसतं पोट भरून भागत नाही, ताटात पालेभाजी अन् दूध हवं

गरोदर बाईने कमी खावं, बाळ लहान राहतं, बाळंतपण सोपं जातं, असं आपल्याकडे अजून सांगतात. पण अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर आजारी पडतं. कमी खाणं तर चूकच, नुसतं पोट भरूनही भागत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर बायकांचा आहार तपासला. दिवस राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो. एकूण किती खाल्लं याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं मात्र वजनाने चांगली भरली. मेथी, शेपू आपल्याच वावरात पिकतो. जुड्या बाजारात जातात, दूध डेअरीला जातं, सुनेच्या ताटात भाकरी अन् कोरड्यास.

तयारी आधीच हवी. बाळाचा मेंदू अन् मणका पहिल्या महिन्यातच आकार घेऊ लागतो, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासून घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान 180 दिवस. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.